मणी, पांढरा, काटेरी

अहो, ऐकलंत का? थांबा, आधी तो नळ बंद करा. पाण्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू यायचं नाही आणि मला मोठ्यानं बोलायचं नाहीये. त्यांची खिडकी उघडीच असते. हं, या अशा पुढे, जास्वंदीच्या बाजूनं.

तर माईंच्या मधल्या खोलीत मुंग्या निघाल्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आमच्याकडे बारा महिने असतात. पण मण्यांच्या कपाटात, अहो! गूळ नाही, साखर नाही, नुसते मणी. मण्यांना मुंग्या लागल्याचं ऐकलंय कधी? मलाही आधी खरं वाटेना. कामवाली सांगत आली तर मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. मग स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेव्हा... नाही नाही, असं शेवटून सांगितलं तर मजा जाईल. पहिल्यापासूनच सांगते.

नाना चिंचवडला स्टोअर्सला होते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? तीस-बत्तीस वर्षं नटबोल्ट मोजले त्या माणसानं. रिटायर झाल्या झाल्या डाळींच्या डब्यांवर आवक तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आठवतंय ना? आधी आलेलं आधी संपवायचं, म्हणून जुनी तूरडाळ वर आणि नवी खाली. माईंनी पळी दाखवून बाहेर काढलं. मग बागेतल्या कुंड्यांना नंबर घातले. सोळा नंबरची कुंडी सापडेना, तर आमच्याकडे विचारायला आले. आमचे हे म्हणाले, 'सोळा नंबर आमच्याकडे कामाला लागलेली नाही.' तेव्हापासून दोघांत जरा... असो.

तर काय सांगत होते? मोती. सगळं सुरू झालं ते पांढऱ्या मोत्यांवरून.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि माईंच्या भाचीचं मार्गशीर्षातलं ठरलं. रुखवत माईंकडे. आता त्या म्हणतात, माझ्या गळ्यात मारलं. मी तिथेच होते, 'रुखवत मीच करणार' हे वाक्य कुणाचं होतं ते मला पाठ आहे. तर सप्तपदीच्या सुपाऱ्या, सजवलेले नारळ, मोत्यांची महिरप, असं सगळं करायचं म्हणून बाई सकाळीच बोहरी आळीला गेल्या. बोहरी आळीत जाऊन हवं तेवढंच घेऊन आलेलं माणूस मी अजून बघितलेलं नाही. अर्धा किलो पांढरे मोती, दोन रंगांचा गोटा, सोनेरी जाळी आणि एक ग्लू गन. घरी आल्या, ठेवायला खण उघडला, तर आत पांढऱ्या मोत्यांची तीन पाकिटं! त्यातली दोन तर फोडलेलीसुद्धा नाहीत. आणि ग्लू गन? ही तिसरी.

खण हळूच लावून टाकायचा ना? पण मागं नाना उभे. हातात मोत्यांचं बिल. बिलाकडे बघितलं, खणाकडे बघितलं आणि म्हणाले, 'रीऑर्डर लेव्हल.' बस्स, एवढंच बोलून गेले. माई मला म्हणाल्या, 'चार वाक्यं बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.'

दुसऱ्या दिवशी मी पातेलं परत द्यायला गेले... हो, तेच, श्रावणातलं... तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जुनी लुगडी अंथरून त्यावर सगळं ओतलेलं. काय काय निघालं म्हणून सांगू! दिवाणाच्या पोटातून, माळ्यावरून, शिवणयंत्राच्या खालून, शोकेसच्या मागून. त्या निळ्या गोल डब्यांत बिस्किटं कुणाच्याच घरी नसतात ते सोडा, पण यांच्याकडे तसले सात डबे आणि सातही दोऱ्यांचे. श्रीखंडाच्या डब्यांत बटणं, होमिओपॅथीच्या बाटल्यांत मणी, कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांत टिकल्या. रोल जाऊन जमाना झाला हो! मिठाईच्या खोक्यांत कुंदन, क्विलिंगच्या पट्ट्या, खणाचे तुकडे, लोकरीचे गुंडे, मॅक्रमेची दोरी. मध्ये नाना खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर रजिस्टर. बाजूला सूनबाई, धाकटी, आयटीतली, लॅपटॉपवर एक्सेल उघडून. आणि माई कोपऱ्यात स्टुलावर, धाड पडल्यासारखा चेहरा करून.

बघवत नव्हतं अगदी. तरी मी बसले. तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात.

पहिला वाद झाला तो मोजायचं कशात यावरच. नाना म्हणाले, 'नग.' सूनबाई म्हणाली, 'ग्रॅम.' माई कोपऱ्यातून म्हणाल्या, 'चिमूट.' शेवटी सूनबाईनं तोडगा काढला, पोरगी हुशार आहे त्यात वाद नाही, फक्त चहा गोडमिट्ट करते. म्हणाली, शंभर मोती मोजू, त्यांचं वजन करू, मग अख्खं पाकीट काट्यावर ठेवून हिशोबानं आकडा काढू. झालं! शंभर मोती मोजायला बसले नाना. सत्तरावर आले की फोन, पुन्हा एकपासून. मी तिसऱ्या वेळेपर्यंत होते.

मग दोऱ्यांची पाळी. आता भरतकामाच्या दोऱ्याची लडी म्हणजे आठ मीटर आणि तिला सहा पदर, हे तुम्हाआम्हाला माहिती. नानांना कुठून असणार? त्यांनी विचारलं, 'लड्या किती?' माई म्हणाल्या, 'पूर्ण की उरलेल्या?' म्हणजे कसं, त्यांनी एकीतले दोन पदर काढून फूल भरलं, चार पदर राहिले. दुसरीतली लांबीच अर्धी गेली, पण पदर सहाच्या सहा. आता याला नग म्हणा, मीटर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा! नानांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली.

आणि काळा दोरा! अहो, काळ्याची तर कहाणीच वेगळी. अँकरचा काळा म्हणजे ४०३ नंबर. माईंची बहीण न्यू जर्सीहून येताना डीएमसीचे दोरे आणते, त्यांचा काळा ३१०. रंग काळाच, पण नंबर दोन, म्हणून नानांनी दोन वेगळ्या आयटम लिहिल्या. ४०३ च्या अकरा लड्या, ३१० च्या पाच. सूनबाईनं लगेच मोबाइलवर बघून सांगितलं, डीएमसी ही १७४६ पासूनची फ्रेंच कंपनी आहे. १७४६! म्हणजे पानिपताच्या आधी पंधरा वर्षं. इतकी जुनी कंपनी, तिनं काळ्याला ४०३ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तर एकूण सोळा लड्या काळा. आणि माई दर तुळशीबागेच्या फेरीत एक काळा आणतातच, 'काळा लागतोच' म्हणून. त्या वेळी मी मान खाली घातली. का ते पुढे सांगते.

एक मात्र कबूल करायला हवं, नाना बोलले ते अगदीच वाया नव्हतं. माईंना सवय काय, लडी आणली की कागदी पट्टी काढून फेकायची. मग नंबर कुठला? तीन हिरवे पुठ्ठ्यावर गुंडाळलेले, एकालाही नाव-गाव नाही. आणि लोकरीची तर आणखीच भानगड. लोकरीच्या लेबलवर नुसता शेड नंबर नसतो, रंगवलेल्या घाण्याचा लॉट नंबरही असतो, आणि शेड एकच असली तरी लॉट बदलला की रंगात फरक दिसतो. त्या पिवळ्या स्वेटरची एक बाही आंब्याची आणि एक लिंबाची झालीये ती त्यामुळेच. आपण सगळ्यांनी तेव्हा 'डिझाइन आहे का हो?' म्हणून विचारलं होतं आणि माई हो म्हणाल्या होत्या. नानांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर ते फोडलं. मी छताकडे बघत बसले.

रबरबँडांनीही घात केला. लड्यांना बांधलेली रबरं वितळून दोऱ्याला चिकटून बसलेली. पावसाळ्यात क्विलिंगच्या पट्ट्या दमटून लाटा आलेल्या. फेविकॉलच्या चार बाटल्या, तीन दगड, चौथीत काडी उभी राहील इतपत घट्ट. सुया कापडात टोचून ठेवलेल्या, तिथं गंजाचे ठिपके. एक बघितलंत का, कसर लागली ती फक्त खऱ्या लोकरीला. ती काश्मीरहून आणलेली, महागाची, तिची चाळण. आणि स्वस्तातली अॅक्रिलिक जशीच्या तशी, कसरीला प्लॅस्टिक आवडत नाही ना. नाना म्हणाले, 'नोंद असती तर वर्षातून एकदा तरी डबा उघडला गेला असता.' माई गप्प. मीही गप्प. यावर बोलायला होतं काय?

पण मग ते एबीसीवर आले आणि तिथं फसले.

म्हणजे असं, की स्टोअर्समध्ये म्हणे मालाची तीन गटांत वाटणी करतात. ए म्हणजे महागाच्या वस्तू, नगानं थोड्या पण पैसा त्यांतच अडकलेला. त्यांच्यावर रोजचं लक्ष. बी मधल्या. सी म्हणजे स्वस्तातल्या, ढिगानं असणाऱ्या, त्यांच्याकडे फारसं बघायचं नाही. नानांनी खरी जर आणि कुंदन ए मध्ये टाकले, लोकर बी मध्ये, आणि सुया, टाचण्या, काळा दोरा सी मध्ये. माई स्टुलावरून उठल्या. पहिल्यांदा उठल्या हो सकाळपासून! म्हणाल्या, 'सुई सी? सुई नसेल तर तुमची ए काय नुसती बघत बसायची?' नाना गडबडले. म्हणाले, 'त्यासाठी वेगळी पद्धत आहे. कुठल्या वस्तूवाचून काम अडतं ते बघायचं, तिला व्हीईडी म्हणतात.' माई म्हणाल्या, 'वेद कशाला, मला विचारायचं.'

सूनबाई हसली. नानांचा चेहरा... सुनेसमोर हो!

तर काय सांगत होते? हां, जुन्या मालाचं. नानांनी एक पान लाल शाईनं आखलं, 'डेड स्टॉक'. वरच्या गल्लीतल्या बाई त्या वेळी आल्याच होत्या, शाळेत क्लार्क होत्या त्या. त्या म्हणाल्या, 'आमच्याकडे जडसंग्रह नोंदवही म्हणायचे, आणि काढून टाकायचं असेल तर निर्लेखन.' शब्द किती छान आहे ना? निर्लेखन. ऐकून वाटतं कुणाचे तरी दिवस घालतायत. नानांना तो इतका आवडला, की त्यांनी डेड स्टॉकवर काट मारून तोच लिहिला. खाली पहिली नोंद, 'थर्माकोल मखर, १ नग.'

तुम्हाला ते मखर माहितीये. सहा खांबांचं, कळसावर मोर. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली आणि ते माळ्यावर गेलं ते गेलंच. पण त्यातला मोर माईंच्या सासूबाईंनी कापलेला आहे, ब्लेडनं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, डोळ्याला हिरवी पट्टी असताना. नानांनी आईचंच काम 'निर्लेखन'मध्ये लिहिलं आणि त्यांना कळलंही नाही. माई काही बोलल्या नाहीत. मोर खुडून घेतला, पदरानं पुसला आणि आत नेऊन ठेवला. नानांनी मग बराच वेळ पान उलटलं नाही. मी पातेलं ठेवलं आणि निघाले. सगळंच काही बघायचं नसतं.

हां, पण अर्धवट कामांचं सांगायचं राहिलं. ती मोजली तर चौदा निघाली. नाना म्हणाले, डब्ल्यूआयपी, म्हणजे कारखान्यात मशीनवर चढलेला पण पुरा न झालेला माल. सूनबाई म्हणाली, तिकडे परदेशात बायका त्याला यूएफओ म्हणतात, न संपलेल्या वस्तू. एक कांथ्याची रजई, दोन उशांचे अभ्रे, एक अर्धा गणपती कशिद्यातला, सोंडेपर्यंत आलेला, आणि थोरल्या नातवासाठीचं झबलं. थोरला आता नववीत आहे.

तर तीन दिवसांनी सगळं कपाटात लागलं. दिसायला म्हणाल तर देखणं, हं! चोवीस ट्रे, प्रत्येकावर बिन कार्ड, आवक, जावक, शिल्लक. आणि कपाटाच्या दारावर सूचना, 'माल मागणी स्लिप भरूनच मिळेल. वेळ दुपारी ३ ते ४.' कपाट कुणाचं? माईंचं. दोरा कुणाचा? माईंचा. आणि स्लिप भरायची कुणी? माईंनीच!

माईंनी भरल्या हो. अगदी शांतपणे भरल्या. सगळ्या त्यांनी मला दाखवल्यात, जपून ठेवल्यात. 'सुई १ नग, कारण - सुपारीला नऊवारी नेसवणे.' 'मोती पांढरा ४० नग, कारण - नारळास नथ.' आणि मग नोव्हेंबर संपत आला. नानांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं, सकाळी साडेनऊला, आणि घालायला घेतलेल्या शर्टाचं पोटावरचंच बटण तुटलं. हाक मारली, 'अगं, जरा बटण...' माईंनी चष्म्यावरून दाराकडे बोट दाखवलं. ३ ते ४. नाना म्हणाले, सेफ्टीपिन तरी दे. सेफ्टीपिनाही सतरा नंबरच्या ट्रेमध्ये! स्वतः नियम केलेला, मोडणार कसा? टेबलावरचा स्टेपलर घेतला, शर्टाला दोन स्टेपल मारल्या आणि गेले. आमच्या ह्यांना फाटकात भेटले. ह्यांनी विचारलं, 'हे काय?' तर म्हणतात, 'तात्पुरती व्यवस्था.'

सोळा नंबरच्या कुंडीचा हिशोब त्या दिवशी ह्यांनी चुकता केला. दिवसभर हसत होते.

आता मुंग्या. आलेच.

माई हलव्याचे दागिने करतात ना, संक्रांतीला, नव्या नवऱ्या आणि बोरन्हाणाची पोरं. गेल्या संक्रांतीचा थोडा हलवा उरला होता, तो त्यांनी नमुना म्हणून बरणीत घट्ट झाकण लावून ठेवला, तारा आणि सोनेरी कागदाशेजारीच. तिथं ठेवला कारण काम तिथं चालतं. मोजणीच्या दिवशी ही बरणी नानांच्या हाताला आली तेव्हा माई चहा टाकायला आत गेल्या होत्या. नानांनी बघितलं. पांढरं, गोल, वर काटे. बरणी रिकामी करून ट्रेमध्ये ओतली आणि कार्डावर लिहिलं, 'मणी, पांढरा, काटेरी. २४० ग्रॅम.' हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय.

पुढं काय व्हायचं ते झालं. लग्न पार पडलं, रुखवत सगळ्यांनी वाखाणलं... तो सुपाऱ्यांचा वरातीचा घोडा बघितलात ना तुम्ही? आणि मग नानांनी स्टॉक तपासला. सगळं बरोबर, फक्त त्या एका ट्रेमध्ये साठ ग्रॅमची तूट. जावकीत नोंद नाही, स्लिप नाही. नाना माईंना म्हणाले, 'विनास्लिप उचल झालेली आहे.' माई म्हणाल्या, 'काटेरी मणी मी आयुष्यात विकत घेतलेले नाहीत.' दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी कामवालीला खिडकीपासून कपाटापर्यंत रांग दिसली, काळ्या मुंग्यांची. मी ऐकलं आणि लागलीच गेले, हळद घेऊन, टाकायला म्हणून. तर सगळे कपाटासमोर उभे आणि धाकटा नातू, बालवाडीतला, मधूनच म्हणतो, 'मुंग्यांनी नाही, मी खाल्ले. आजोबांचे मणी गोड आहेत.'

नाना पांढरेफटक! पोरगं मणी खातंय म्हणून त्याला उचलून बेसिनकडे धावले. माईंनी ट्रेमधला एक उचलला, तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाल्या, 'हलवा आहे. जुना झालाय.'

कुणी हसेना आधी. मग सूनबाईला आवरेना. मग नानांनाही.

त्या संध्याकाळी दारावरची सूचना निघाली. पण माईंनी कपाट काही पूर्वीसारखं केलं नाही हं, हे लक्षात घ्या. चोवीस ट्रे तसेच ठेवले. फक्त आपल्या पद्धतीनं. प्रत्येक डब्याला बाहेरून नमुना लावला, एक मोती चिकटवला, एक दोरा बांधला, लोकरीचं वीतभर टोक लेबलसकट. म्हणजे उघडायलाच नको. चष्मा नसला तरी हाताला कळतं. ग्रॅम-बिम सगळं गेलं. डायरीत प्रत्येकासमोर तीनच शब्द, भरपूर, जेमतेम, आणायचंय. डायरी पर्समध्ये. बोहरी आळीत दुकानदारानं 'घेऊन टाका, ताई' म्हटलं की डायरी उघडायची. रबरं काढून लड्या पुठ्ठ्यावर गुंडाळल्या, वर शेड नंबर, आणि ४०३ आणि ३१० एकाच खणात, शेजारी शेजारी. खाण्याची वस्तू त्या खोलीत बंद. नानांचं एक कलम मात्र माईंनी जसंच्या तसं ठेवलं, आणि मी म्हणेन, तेवढं खरंच कामाचं होतं. उसनवारीचं पान. काय दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं.

आणि इथंच सगळी मजा आहे हो.

परवा मंगळवारी माईंकडे भिशी होती. तुम्ही नेमक्या मुलीकडे गेला होतात. चहा झाला, उपमा झाला, आणि नाना सहज म्हणून रजिस्टर घेऊन बाहेर आले आणि वाचायलाच लागले! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी, भरतकामाची मोठी रिंग, चार वर्षं. वहिनी म्हणाल्या, ती माझीच आहे. नाना म्हणाले, आतल्या बाजूला नेलपॉलिशनं 'माई' लिहिलंय, बघून घ्या. वहिनींचा घास तिथेच! सेक्रेटरींच्या मिसेस, मॅक्रमेची दोरी दोन किलो, 'परत देते' असं सांगून. त्यांनी लगेच पर्स उघडली, जणू दोरी पर्समध्येच आहे. शाळेतल्या बाईंकडे फॅब्रिकचे रंग, बारा. त्या म्हणाल्या, वाळले. नाना म्हणाले, निर्लेखन करू. त्यावर त्यासुद्धा हसल्या.

मग माझं नाव. क्रोशाची सुई, २०१९ पासून, आणि ग्लू गन. त्यांच्या तिसऱ्या ग्लू गनचं कारण आता कळलं ना तुम्हाला? पहिली माझ्याकडे होती. मला वाटलं होतं, सगळे विसरले असतील. सगळ्यांसमोर हो! कान गरम झाले माझे. घरी आले आणि आमचा दिवाण उघडला, सुई शोधायला. सुई सापडली. शिवाय ४०३ च्या सात लड्या, मोजायच्या टेपा चार, आणि चारही वेगळा इंच दाखवतात, कापडी टेप जुनी झाली की ताणते ना. दुपारीच सगळं नेऊन दिलं. नानांनी सही घेतली.

मला कुणी पाठवलेलं नाही हं, मी आपली तुळशीला पाणी घालायला आले होते. पण पानावर शेवटचं नाव तुमचं आहे. झिगझॅग कात्री, निळ्या मुठीची, गौरीच्या आधी नेलेली. घरात असेल तर आत्ताच आणून द्या, मी जाता जाता ठेवते. संक्रांतीच्या काळ्या झबल्यांना माईंना ती लागणार आहे.